बाजारातला नफा खरा किती? मुलांच्या अर्थशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

शालेय मुलांना अर्थशास्त्र आणि घरचे पैशांचे व्यवहार गोष्टींतून, उपक्रमांतून कसे शिकवावेत, या विषयावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांनी पाठविलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी बाल आठवडी बाजार भरतो. मुले घरून भाजी, लिंबे, शेंगा, भडंग घेऊन येतात, पालक कौतुकाने खरेदी करतात आणि शेवटी प्रत्येक मूल ‘मला दोनशे रुपये नफा झाला’ असे सांगते. अहवालात आम्ही ‘व्यवहारज्ञानाचा अनुभव’ असे लिहितो. पण मुले त्यातून नेमके काय शिकली, याची मला शंका वाटते. (शिक्षिका, तासगाव तालुका)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ते दोनशे रुपये हा नफा नसून केवळ विक्री आहे, आणि या दोहोंतला फरक मुलांना कळला नाही, तर बाजार भरला काय आणि गॅदरिंग झाले काय, सारखेच. भाजी घरच्या रानातली म्हणून तिची किंमत शून्य धरली जाते. बियाणे, खत, पाण्याची पाळी आणि पहाटे उठून आईने बांधलेल्या जुड्या यांतले काहीच हिशेबात येत नाही. शिवाय दहाची जुडी नातवाकडून वीस रुपयांना घेणारे आजोबा हे गिऱ्हाईक नव्हेत. त्यांच्यामुळे मालाचा भाव ठरत नाही, नातवाचे कौतुक होते.

बाजार बंद करू नका, त्याचे नियम बदला. पहिला नियम असा की घरचा माल आणायचा नाही, विकत घेऊन आणायचा. पाच-पाच मुलांचे गट करावेत, शाळेने प्रत्येक गटाला चारशे रुपये भांडवल उसने द्यावे आणि बाजार उठल्यावर ते चार रुपये व्याजासह परत करण्याची चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी. एखाद्या पालकाबरोबर मुलांनी सकाळी तालुक्याच्या बाजारात जाऊन घाऊक भाव स्वतः विचारावा. शाळेच्या मैदानात बसण्याची दहा रुपये जागापट्टी घ्यावी व तिची पावती फाडावी. गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की मनापासून घासाघीस करा आणि माल पसंत नसेल तर पुढच्या गटाकडे जा.

समजा, एका गटाने मेथीच्या चाळीस जुड्या आठ रुपये दराने घेतल्या. म्हणजे तीनशे वीस रुपये गुंतले. बारा रुपये भावाने अठ्ठावीस जुड्या गेल्या आणि तीनशे छत्तीस रुपये आले. मग ऊन चढले, पाने माना टाकू लागली, शेजारच्या गटाने भाव उतरवला आणि शेवटच्या अर्ध्या तासात आठ जुड्या पाच रुपयांनी द्याव्या लागल्या. त्यांचे चाळीस रुपये झाले. उरलेल्या चार कोणीच घेतल्या नाहीत. एकूण विक्री तीनशे शहात्तर. त्यातून खरेदीचे तीनशे वीस, रिक्षाचे तीस, जागापट्टीचे दहा आणि व्याजाचे चार वजा केले, की हातात उरतात बारा रुपये. पाच मुलांत वाटले, तर प्रत्येकी दोन रुपये चाळीस पैसे, आणि तेही सगळी सकाळ मोडल्यावर.

हा हिशेब फळ्यावर मांडला, की वर्गात जी शांतता पसरते, तिच्यातूनच खरा तास सुरू होतो. शेवटच्या अर्ध्या तासात भाव कोणी उतरवला? आठ जुड्या पाच रुपयांनी देणे शहाणपणाचे होते, की त्या घरी न्यायला हव्या होत्या? न विकलेल्या चार जुड्यांचे नुकसान कोणाचे? बाजारात रोज बसणारी मावशी मग घर कशी चालवते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी तिलाच विचारून आणावे. पुष्कळदा असे आढळते, की ती स्वतःची मजुरी खर्चात धरतच नाही. आणि नफा व मजुरी यांतला फरक मुलांना व्याख्येपेक्षा या एका गोष्टीवरून अधिक चांगला कळतो.

एखाद्या शिक्षकांनी मुद्दाम उधारीवर खरेदी करून पैसे आठवडाभर थकवावेत. हातात रोकड नसताना कागदावर नफा दिसणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात गटातल्या प्रत्येकाला कळून चुकते. पहिली-दुसरीच्या मुलांना यांपैकी काहीही नको. त्यांनी नाणी ओळखावीत, सुटे पैसे बरोबर परत द्यावेत, एवढे पुरे. प्रमुख पाहुण्यांना दोन रुपये चाळीस पैशांचा आकडा फारसा आवडणार नाही, याची मात्र तयारी ठेवावी.

प्रश्न : मी सातवी-आठवीला शिकवतो. पैशांविषयीच्या गोष्टी म्हणून ज्या मिळतात, त्या सगळ्या ‘म्हणून मुलांनो, बचत करा’ या वाक्यावर संपतात. मुले ते वाक्य गोष्ट सुरू होण्याआधीच म्हणून दाखवतात. दुसऱ्या गोष्टी कोठून आणाव्यात? (शिक्षक, सांगली)

उत्तर : दुसऱ्या गोष्टींसाठी लांब जावे लागत नाही. आपल्या शाळेपासून हरिपूर हाकेच्या अंतरावर आहे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली होती. तिथली माती अशी, की पेवात ओल शिरत नसे आणि हळद दीर्घकाळ टिकत असे. सांगलीची हळदपेठ मोठी झाली, तिच्यामागे या पेवांचा वाटा आहे, आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता गोष्ट सांगायची ती या पेवाभोवतीची. पण तिचा शेवट सांगायचा नाही. शेतकऱ्याला निर्णय घ्यावा लागतो त्या जागी ती थांबवायची.

समजा, एका शेतकऱ्याकडे मार्चमध्ये दहा क्विंटल हळद आहे आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव निघाला क्विंटलला चौदा हजार रुपये. आज विकली, तर हातात एक लाख चाळीस हजार येतात. त्याला वाटते, सहा महिने थांबलो तर भाव चढेल. परंतु मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे आणि नव्या लागणीचा खर्चही तोंडावर आला आहे. त्याने काय करावे?

मुले ताबडतोब दोन पक्ष करतात. थोडा वाद होऊ द्यावा आणि मग एकेक माहिती पुढे करावी. राज्यात शेतमाल तारण कर्ज योजना आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला, की हळदीसारख्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के वार्षिक व्याजाने मिळू शकते. म्हणजे एक लाख पाच हजार रुपये आज हातात आणि सहा महिन्यांचे व्याज तीन हजार एकशे पन्नास. फीची अडचण सुटली. हमाली आणि साठवणुकीचे दोन हजार धरू. हळद सुकून वजनात दोन टक्के घट आली असे मानले, तर विकायला दहा नव्हे, नऊ क्विंटल ऐंशी किलो उरते. आता मुलांनीच काढावे, की सप्टेंबरमध्ये भाव किती निघाला तर थांबल्याचे सार्थक होईल. उत्तर येते सुमारे चौदा हजार आठशे. भाव चौदा हजार पाचशे झाला, तर भाव वाढूनही शेतकरी तोट्यात! हे उमगण्याचा क्षण मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. शेकडेवारी, व्याज आणि घट या तिन्ही गोष्टी त्यांनी गणिताच्या तासाला स्वतंत्रपणे केलेल्या असतात. इथे त्या एकाच निर्णयासाठी एकत्र येतात.

मग शेवटची माहिती द्यावी. 2005 च्या महापुरात पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि अनेक पेवे निकामी झाली. थांबण्याचा निर्णय हिशेबाने बरोबर असूनही नुकसान होऊ शकते. त्याला जोखीम म्हणतात. विम्याचा धडा इथून पुढे आपोआप सुरू होतो.

साताऱ्याकडची एक गोष्टही सांगण्याजोगी आहे. माण तालुक्यातील म्हसवड येथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या कष्टकरी महिला यांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. काही महिन्यांनी त्या महिला पुन्हा गेल्या आणि त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही ते कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ही गोष्ट सांगून झाल्यावर वर्गात तोंडी व्याजाची स्पर्धा घ्यावी. मुले ज्या उत्साहाने ती खेळतात, तो पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणसंग्रहाच्या वाट्याला क्वचितच येतो.

चिऊ-काऊची जुनी गोष्टसुद्धा लहान वर्गांना चालते. मेणाचे घर बांधायला चिमणीला किती दिवस लागले असतील आणि त्या दिवसांत तिने काय खाल्ले असेल, एवढे विचारले तरी पुरे.

प्रश्न : आम्ही विश्रामबागेत राहतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला पॉकेटमनी द्यावा का? घरकाम केल्यावर पैसे देणे योग्य आहे का? दुसरी अडचण अशी, की दुकानात तो माझ्याच फोनवरून पैसे भरतो आणि पैसे संपतात म्हणजे काय, हे त्याला कळतच नाही. (एक आई, सांगली)

उत्तर : पॉकेटमनी जरूर द्यावा. रक्कम लहान असावी, वार ठरलेला असावा आणि त्या पैशांतून कोणते खर्च त्याने करायचे, हे आधी स्पष्ट असावे. मंगळवारी पैसे संपले, तर पुढच्या रविवारपर्यंत ते संपलेलेच राहिले पाहिजेत. इथे बहुतेक घरांत आजी आड येते. तिला आधी विश्वासात घ्यावे, नाहीतर वीस रुपये पदराच्या गाठीतून निघतात आणि सारा उपक्रम तिथेच संपतो.

स्वतःचे ताट उचलणे, अंथरूण आवरणे, धाकट्या बहिणीला शाळेतून आणणे यांचे पैसे देऊ नयेत. ती घरात राहण्याची रीत आहे. जे काम एरवी पैसे देऊन बाहेरून करून घेतले असते, उदाहरणार्थ रद्दी लावून, बांधून, वजन करून विकणे, त्याचा मोबदला द्यायला हरकत नाही. काम झाल्यावर मात्र दर बदलू नये.

फोनच्या बाबतीत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. महिनाभर त्याच्या हातून होणारी सर्व खरेदी रोखीने करू द्यावी. पन्नासाची नोट मोडल्यावर हातात काय उरते, ते त्याला दिसू द्यावे. नंतर पुन्हा फोन वापरला, तरी रात्री जेवणानंतर दोघांनी मिळून दिवसभराचे व्यवहार फोनमधून वाचून वहीत उतरवावेत. यूपीआयचा पिन त्याला देऊ नये. पिन फक्त पैसे पाठवताना लागतो, पैसे मिळवण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्यावे. फसवणूक झाल्यास तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे, हेही घरातल्या सर्वांना माहीत असावे.

एक सोपा उपक्रम सुचवतो. एकाच बिस्किटाची पाच, दहा आणि तीस रुपयांची वेष्टने जमवून शंभर ग्रॅमला किती रुपये पडतात, ते त्याने काढावे. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो का, हे त्याचे त्यालाच ठरवू द्या.

प्रश्न : माझी निवृत्तीनंतरची काही रक्कम एका पतसंस्थेत अडकली आहे. नातू विचारतो, ‘आजोबा, तुम्ही बचत केली आणि पैसे गेले, मग मी का करू?’ त्याला काय उत्तर द्यावे, सुचत नाही. (ज्येष्ठ वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या नातवाचा प्रश्न बहुतेक पाठ्यपुस्तकांपेक्षा चांगला आहे, आणि त्याला गोड बोलून गप्प करू नये. बचत करणे आणि ती कोठे ठेवायची हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा पहिलीविषयी भरपूर बोलते, दुसरीविषयी जवळपास काहीच नाही.

त्याला असे समजावता येईल. आपण बँकेत पैसे ठेवतो, म्हणजे बँकेला कर्ज देतो. ते पैसे बँक पुढे दुसऱ्याला देते. तो बुडाला, तर प्रश्न उभा राहतो. म्हणून देशात ठेव विमा आहे. ठेव विमा व पतहमी महामंडळातर्फे एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण आहे, आणि ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या बाहेरून सारख्याच दिसतात, काउंटर सारखेच असतात, व्यवस्थापकही गावातलाच असतो. आणि एखादा टक्का जास्त व्याज कशाच्या बदल्यात मिळते, हे विचारायचे राहून जाते. आपल्या पावतीवर कोणत्या कायद्याखाली नोंदणी आहे, ते नातवाला मोठ्याने वाचायला सांगावे.

घरात कोणी भिशी लावत असेल, तर तिचा खेळ मुलांना फार उपयोगी पडतो. बारा मुलांनी दर आठवड्याला दहा-दहा चिंचोके टाकावेत आणि चिठ्ठी काढून एकाला सगळे एकशे वीस द्यावेत. पहिल्याच आठवड्यात ज्याला मिळाले, तो कर्जदार झाला. शेवटच्या आठवड्यात ज्याला मिळतील, तो ठेवीदार. आता पहिल्याने पुढच्या आठवड्यापासून टाकणे बंद केले, तर? हा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा. त्यानंतर मुले स्वतःच नियम लिहू लागतात. कोणी जामीन मागते, कोणी वही, कोणी हप्ता चुकल्यास दंड. पतसंस्थेचे लेखापरीक्षण कशासाठी असते, हे तेव्हा सांगावे.

नातू दहा वर्षांचा झाला असेल, तर बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खाते तो स्वतः उघडून चालवू शकतो. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलांना ही सोय आहे आणि तिथे किमान पाचशे रुपयांत खाते निघते. पैसे भरण्याची स्लिप त्यालाच भरू द्या, चुकली तरी.

प्रश्न : मी आठवीत आहे. आम्ही कराडहून साताऱ्याला एसटीने जातो तेव्हा आईचे अर्धे तिकीट आणि बाबांचे पूर्ण असते. उरलेले अर्धे कोण भरते? (विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : राज्य सरकार भरते. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना 50 टक्के सवलत आहे, आणि सवलतीची रक्कम सरकारने एसटी महामंडळाला द्यायची असते. सरकारकडे हे पैसे करांतून येतात, आणि त्या करांत तूही भर घालतेस. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीत वस्तू व सेवा कर धरलेलाच असतो. तुझ्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरचा कर मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. महिनाभर घरातली एसटीची तिकिटे जपून ठेव, सवलतीची बेरीज कर, आणि त्यासमोर लिही, की हेच पैसे सरकारला आणखी कशावर खर्च करता आले असते. आईचे आणि बाबांचे उत्तर वेगवेगळे येण्याची शक्यता आहे. दोन्ही लिहून ठेव.

प्रश्न : पुण्यातील काही शाळांत मुलांना शेअर बाजाराचे खेळ शिकवतात, असे ऐकतो. आपल्या भागातील शाळांनीही ते सुरू करावेत का? (मुख्याध्यापक, वाळवा तालुका)

उत्तर : आठवीपर्यंत तरी नको. आकडे रोज वर-खाली होताना पाहून मुले पैज लावायला शिकतात, कंपनी म्हणजे काय ते कळत नाही. आपल्या तालुक्यात निम्म्या मुलांच्या घरी साखर कारखान्याचा शेअर दाखला कपाटात असेल, तो का वापरू नये? कंपनीत जितके शेअर तितकी मते, सहकारी कारखान्यात मात्र शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. हा फरक एका तासात कळतो, आणि कोणती पद्धत बरी यावर वर्ग दिवसभर भांडू शकतो.

उसाच्या बिलावरही एक सुरेख उपक्रम होतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघेल अशा उसाला, टनामागे 3,550 रुपये एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान रास्त दर) ठरवला आहे. चाळीस टनांचे एक लाख बेचाळीस हजार होतात. परंतु घरी येणारी रक्कम इतकी नसते, कारण तोडणी आणि वाहतूक त्यातून वजा होते. ती टनाला नऊशे धरली, तर हातात एक लाख सहा हजार येतात. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत ही रक्कम द्यावी, असा नियम आहे. ती प्रत्यक्षात कधी आली, हे मुलांनी वडिलांच्या पासबुकात शोधावे आणि उशीर झाला असल्यास तितक्या दिवसांत सोसायटीच्या कर्जावर व्याज किती चढले, ते काढावे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि त्याआधी सभासदांना छापील अहवाल मिळतो. बहुतेक घरांत तो फरसाण बांधायला जातो. यंदा प्रत्येक मुलाने तो शाळेत आणावा, नववीच्या वर्गाने त्यातला ताळेबंद वाचावा आणि सभेत विचारण्याजोगे तीन प्रश्न लिहून आजोबांच्या खिशात घालावेत.